दोरकाकांची सही

माझ्या वडिलांना क्लबातली माणसं दोरकाका म्हणायची. विशीतला असो की सत्तरीतला, सगळ्यांचे ते काकाच. घरात आम्ही त्यांना बाबा म्हणायचो, पण रविवारी ते आमच्या वाट्याला यायचेच नाहीत.

ते कपड्यांच्या कारखान्यात शिलाईची मशीनं दुरुस्त करायचे. एकशेचाळीस मशीनं होती, आणि नुसत्या आवाजावरून कुठल्या रांगेतल्या कितव्या मशीनची सुई बिघडलीय ते सांगायचे. मी पाच वर्षांची असताना एका दुपारी कारखान्याच्या पत्र्यावर एक ग्लायडर येऊन पडलं. बिनइंजिनाचं, जमिनीवरून रिमोटनं उडवायचं, हलक्या लाकडाचं, माणूसभर लांब पंखांचं. एक पंख मोडलेला होता. बाबांनी शिडी लावून ते उतरवलं, संध्याकाळपर्यंत कोणी शोधत आलं नाही म्हणून घरी आणलं, चार दिवस खपून पंख जोडला आणि रविवारी विचारत विचारत अशी ग्लायडरं उडवणाऱ्यांच्या क्लबाच्या मैदानावर नेऊन दिलं. दुपारी जेवायला येतो म्हणाले होते. दिवे लागल्यावर आले. पँटला गवताची कुसळं चिकटलेली, आणि तोंडावर असं काही की आईनं रागवायचं ठरवलेलं ती विसरून गेली. पुढं सव्वीस वर्षं ते दर रविवारी जात राहिले, आणि आईचं विसरणं मात्र फार लवकर संपलं.

मैदान एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागं होतं. ग्लायडर आपलं आपण वर जात नाही. त्याला पतंगासारखं ओढून चढवावं लागतं. एका टोकाला विजेच्या मोटरवर फिरणारं रीळ, त्यावरून निघालेला दोर दोनशे मीटरवर जमिनीत ठोकलेल्या कप्पीला वळसा घालून परत येतो आणि ग्लायडरच्या पोटाखालच्या आकड्यात अडकतो. पायपट्टी दाबली की रीळ दोर गिळायला लागतं आणि ग्लायडर सरसर चढतं. वर गेलं की आकडा सुटतो, दोर खाली पडतो आणि मग ते वाऱ्यावर आणि उडवणाऱ्याच्या हातातल्या रिमोटवर.

ते रीळ बाबांनी केलेलं. मोटर एका मोडीतल्या गाडीची, बाकी सगळं त्यांच्या हातचं. पहाटे जाऊन गवत कापायचं, दोर अंथरायचा, कप्पी ठोकायची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर चढवायची आणि संध्याकाळी सगळं गुंडाळून खोपटात ठेवून कुलूप लावायचं. शनिवारी संध्याकाळी दोर घरी यायचा. आमच्या मजल्याच्या लांब व्हरांड्यात मी एक टोक धरून उभी राहायची आणि बाबा चारशे मीटर दोर वीत वीत करून बोटांच्या चिमटीतून सरकवायचे. कुठं तंतू उसवला असेल तर डोळ्यांआधी बोटांना कळतो, म्हणायचे. शेजारच्या बायका दोरावरून लुगड्याचा घोळ उचलल्यासारखं पाऊल टाकत जायच्या आणि मला विचारायच्या, काय गं, वडील मासे धरायला निघालेत का.

स्वतः त्यांनी कधी ग्लायडर उडवलं नाही. एकदा कोणीतरी आग्रहानं रिमोट हातात दिला होता. अर्ध्या मिनिटात परत केला. म्हणाले, माझं काम खाली आहे. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं होतं, यात तुम्हाला काय मिळतं? म्हणाले, "वर आकडा सुटतो ना, तो पायाखालच्या पट्टीत कळतो. एकदम हलकं होतं." एवढंच. त्या हलकं होण्यासाठी आईनं किती जड उचललं ते मी पाहत होते.

एकच सांगते. आईच्या पित्ताशयात खडे झाले होते. सोमवारी सकाळी ऑपरेशन होतं आणि रविवारी सकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. त्या रविवारी क्लबात बाहेरगावचे लोक येणार होते. बाबा म्हणाले, तू पुढं हो, मी दुपारपर्यंत पोचतो. मी तेव्हा कॉलेजात होते, मी तिला घेऊन गेले. सहीच्या जागी मीच सही केली. बाबा संध्याकाळी सहाला आले, खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "आज वारा फार चांगला होता." आईनं तोंड भिंतीकडं केलं. नर्सनं विचारलं, दुखतंय का. आई म्हणाली, नाही, सवय आहे.

मैदानाचंही सांगायला हवं, कारण पुढं ते आडवं आलं. ते भट्टीवाल्या बाईंचं. नवरा गेल्यावर भट्टी बंद करून त्या तिथंच कडेच्या घरात राहायच्या. त्यांचं एक जुनं शिलाई मशीन बाबांनी दुरुस्त करून दिलं होतं, त्या ओळखीवर त्यांनी मैदान वापरायला दिलं. कागद नाही, करार नाही. क्लबात कोण अध्यक्ष आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. बाबांना त्या मिस्तरी म्हणायच्या, आणि मैदान त्यांच्या लेखी मिस्तरींना दिलेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी क्लबाला नवे अध्यक्ष मिळाले. दातांचे डॉक्टर. हसरा माणूस, कामाचा उरक दांडगा. त्यांनी क्लबाला बोधचिन्ह आणलं, टोप्या आणल्या, आणि वरच्या संघटनेकडून मोठी स्पर्धा भरवायची परवानगी मिळवली. बाबांना ते काकांशिवाय आपलं पान हलत नाही असं चारचौघांत म्हणायचे आणि खांद्यावर हात ठेवायचे. बाबा घरी येऊन ते वाक्य आईला सांगायचे. आई भांडी घासत राहायची.

स्पर्धेच्या दिवशी चहाच्या टेबलावर माणूस कमी म्हणून बाबांनी मला बोलावलं. त्यामुळं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

साडेदहाच्या सुमाराला दोर कप्पीच्या खाचेतून निसटून अडकला. बाबांनी लाल झेंडा उचलला, दोनशे मीटर चालत गेले, झेंडा कप्पीशेजारी जमिनीत रोवला आणि खाली बसून दोर सोडवायला लागले. झेंडा उभा आहे तोवर पायपट्टीला कोणी पाय लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. एरवी भूगोलाचे सर पट्टीजवळ उभे असायचे. ते क्लबाचे चिटणीस, आणि नियमाला पक्के. पण त्यांना पाहुण्यांच्या खुर्च्या हलवायला पिटाळलं होतं. पट्टीजवळ डॉक्टर उभे होते, त्यांचं ग्लायडर दोराला लावून तयार होतं आणि शेजारी मोठे पाहुणे घड्याळ बघत होते. मी दहा पावलांवर कपात चहा ओतत होते. मला झेंडा दिसत होता. डॉक्टरांचा बूटही दिसला. काळा, चकचकीत. तो पट्टीवर गेला.

बाबांचा आवाज आलाच नाही. आधी कप्पीची खुंटी उपटून उडालेली दिसली, ती कडेला उभ्या असलेल्या बाहेरगावच्या एका माणसाच्या नडगीवर बसली आणि तो ओरडला. सगळे त्याच्याकडं धावले. मी बाबांकडं धावले. ते डावा हात मांडीखाली दाबून बसले होते आणि मला म्हणाले, आधी मोटरची तार काढायला सांग.

करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्हींची वरची पेरं गेली. त्या माणसाच्या नडगीचं हाड चिरलं होतं, म्हणून वरच्या संघटनेला अहवाल पाठवणं भाग पडलं. नुसती बाबांची बोटं गेली असती तर बहुधा अहवाल झालाच नसता.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आणि भूगोलाचे सर घरी आले. डॉक्टरांनी बाबांचा हात बघितला, औषधं विचारली, टाके कोणी घातले ते विचारलं. मग फाइलमधून टाईप केलेला कागद काढला. त्यात लिहिलं होतं की दोरयंत्र चालवणारे स्वयंसेवक झेंडा न लावता कप्पीकडं गेले आणि त्यांनी काम झाल्याचा इशारा चुकीच्या वेळी केला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पदाधिकाऱ्यानं नियम मोडला असं गेलं तर क्लबाची परवानगीच रद्द होईल, स्पर्धा तर सोडाच, रविवारचं उडवणंही बंद. स्वयंसेवकाकडून अनवधानानं चूक झाली असं गेलं तर एक समजपत्र येईल आणि विषय मिटेल. कोणी कोणाला दोष देत नाहीये. सर मान खाली घालून आपल्या चष्म्याची काडी उघडझाप करत होते.

"झेंडा लावला होता," मी म्हटलं. "मी पाहिलाय."

डॉक्टर माझ्याकडं वळलेही नाहीत. बाबांना म्हणाले, "काका, हा फक्त कागद आहे. आपल्याला सगळ्यांना माहीत आहे काय झालं ते."

बाबांनी विचारलं, "नाहीतर क्लब बंद पडेल?"

"पडेल."

बाबांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तू चहा टाक."

आणि मी उठून चहा टाकला. याचं मला आजही नवल वाटतं. एकतीस वर्षांची, लग्न झालेली, नोकरी करणारी बाई मी, दिवसभर प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या रक्ताचे खरे अहवाल लिहिते, आणि त्या दिवशी दूध उतू जाऊ नये म्हणून शेगडीपाशी उभी राहिले. सही उजव्या हातानं करायची होती, तो शाबूत होता. मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा कागद फाइलमध्ये गेला होता. आई आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती त्या दोघांना चहा घ्या म्हणाली नाही.

समजपत्र आलं, पण त्यात शेवटी एक ओळ होती: सदर व्यक्तीस यापुढे कोणत्याही यंत्राजवळ काम करू देऊ नये. ते सांगायला डॉक्टर आले नाहीत. सर एकटेच आले, खोपटाच्या किल्ल्या न्यायला. बाबांनी तिन्ही किल्ल्या कडीतून काढल्या. कुठली अडकते, कुठली उलटी फिरवायची ते सांगितलं. दोर ओला गुंडाळायचा नाही, मोटरला महिन्यातून एकदा तेल, जास्त नाही, दोनच थेंब. सर मान हलवत होते. जाताना दारात थांबून म्हणाले, "काका, मी त्या दिवशी पट्टीपाशी असतो तर..." आणि जिना उतरले. त्यांच्याही हातात होतं, एक पत्र लिहिणं. त्यांनी लिहिलं नाही. मला त्यांचा डॉक्टरांपेक्षा जास्त राग येतो, कारण त्यांना लाज वाटत होती.

मग क्लबानं बाबांना मानाचं आजीव सभासदत्व द्यायचं ठरवलं. तेव्हा लक्षात आलं की सव्वीस वर्षांत ते कधी साधे सभासदसुद्धा नव्हते. कोणी विचारलंच नव्हतं, त्यांनीही नाही. त्यामुळं आधी सभासद होण्याचा अर्ज भरून घ्यावा लागला. त्यात एक रकाना होता, उडवण्याचा अनुभव. बाबांनी त्यात नाही असं लिहिलं आणि खाली सही केली. पुढच्या रविवारी चौकटीतलं मानपत्र मिळालं आणि पाहुण्यांच्या रांगेत एक खुर्ची.

त्या खुर्चीवर ते एकच रविवार बसले. मी विचारून विचारून त्यांच्याकडून काढून घेतलं ते असं. यंत्र आता क्लबानं पैसे देऊन आणलेला एक माणूस चालवत होता. दोराच्या टोकाला त्यानं मारलेली गाठ बाबांना बसल्या जागेवरून दिसली. ती ओढ बसली की सरकणारी गाठ होती. ते उठून दोन पावलं पुढं गेले. दोन महिन्यांपूर्वी आलेला एक सभासद आडवा झाला. काका, पलीकडं नका येऊ, तुमच्याबद्दल लिहून आलंय. अदबीनंच म्हणाला. बाबा परत येऊन बसले. मग त्याच माणसानं शेजारच्या पाहुण्याला हळू आवाजात सांगितलं, आणि बाबांचे कान मशीनवर तयार झालेले, त्यांना हळू आवाजातलं जास्त ऐकू येतं: "हेच ते. यांच्यामुळंच त्या माणसाचा पाय मोडला."

म्हणजे तीन महिन्यांत तो कागद खरा झाला होता. त्याला खोटं सांगायचं नव्हतं. त्याला तेवढंच माहीत होतं.

बाबा दुपारी घरी आले, मानपत्र कपाटावर आडवं ठेवलं आणि झोपले.

त्याच आठवड्यात भट्टीवाल्या बाई आमच्या घरी आल्या. पहिल्यांदाच. चार जिने चढून धापा टाकत. पाणी प्यायल्या आणि थेट बाबांना म्हणाल्या की मैदानाचं फाटक भलताच माणूस उघडतोय, मला कोणी काही सांगत नाही, हे काय चाललंय. मी मैदान तुम्हाला दिलंय मिस्तरी, त्या दातवाल्याला नाही. "एक शब्द बोला. उद्या फाटकाला माझं कुलूप."

मी बाबांकडं बघत होते. आईही हातातलं काम सोडून बाहेर आली होती. खरं सांगते, मला त्या क्षणी डॉक्टरांचा चेहरा दिसत होता, कुलूप हातात धरून उभा राहिलेला, आणि मला फार बरं वाटत होतं. बाबांनी काही वाईट बोलायचंही नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं त्यांना जन्मभर जमलं होतं.

"मीच सोडलं," बाबा म्हणाले. "गुडघे दुखतात आताशा. माणसं चांगली आहेत ती. राहू द्या त्यांना."

बाईंनी त्यांच्या हाताकडं बघितलं. "आणि हे?"

"कारखान्यात. मशीनमध्ये गेला."

बाईंना पटलं असेल असं मला वाटत नाही. पण बाबांनी मागितलं ते त्यांनी दिलं. बरं, म्हणाल्या, आणि कठड्याला धरून जिना उतरल्या. क्लब आजही तिथंच उडवतो. मैदान कोणामुळं राहिलं ते त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही.

दार लावून आई परत आली आणि बाबांच्या समोर उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता.

"गुडघे दुखतात," ती म्हणाली. "किती चटकन सुचलं तुम्हाला. माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या लोकांना एवढंच सांगायचं होतं. आज येत नाही, गुडघे दुखतात. सव्वीस वर्षांत माझ्यासाठी त्यांना एक थाप मारता आली नाही तुम्हाला. आणि त्यांच्यासाठी मारल्या त्या सहीसकट मारल्या."

दुखऱ्या हाताचा अंगठा बाबा उरलेल्या बोटांवरून फिरवत राहिले, आणि आई आत गेली.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम माहेरी राहिले होते. बाबा उशिरा उठले. दाढी केली, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला, खिडकीतून दोनदा आभाळाकडं बघितलं आणि मग शेजारच्या खुर्चीवरचे कपडे उचलून ठेवायला लागले. कुठं ठेवायचे ते त्यांना माहीत नव्हतं. दहाला पाच कमी असताना आई तयार होऊन बाहेर आली. खांद्याला कापडी पिशवी. चपला घालायला लागली.

"कुठं?" बाबांनी विचारलं.

"पोहायला."

त्यांना वाटलं ती थट्टा करतेय. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मला माहीत होतं. मावशीनं तिला ओढून नेलं होतं, बावन्नाव्या वर्षी, पहिले सहा महिने ती कठडा सोडत नव्हती. आता सलग वीस फेऱ्या मारते. रविवारी संध्याकाळी दोरीवर वाळत घातलेले ओले कपडे बाबांच्या डोळ्यांसमोर असायचे आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

"तुला पोहता येतं?"

"नऊ वर्षं झाली," आई म्हणाली. पिशवीत चष्मा आहे का ते तिनं चाचपून पाहिलं.

बाबा खुर्चीतून उठले. घरातला सदरा अंगावर होता, तो त्यांनी ओढून सारखा केला. "मी येऊ?" ते म्हणाले. "नुसता बसेन काठावर."

आईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी आशा धरली असती.

"रविवारी सकाळी फक्त बायकांची वेळ असते," ती म्हणाली, आणि दार ओढून घेऊन गेली.